चिठ्ठीवर व्हुइयोम: एका व्हायोलिनच्या दुरुस्तीची वही

३ जून २०२३, ठाणे

आज एक केस आली. काळी, लाकडी, कडी गंजलेली, हँडलच्या जागी सुतळी. घेऊन आलेली बाई चाळिशीतली, धोबीतलावची. व्हायोलिन तिच्या आजोबांचं. ते मूळचे गोव्यातल्या साष्टीचे. तिथे चर्चच्या शाळेत नोटेशन शिकले, तरुणपणी मुंबईला आले आणि मग फिल्मच्या वाद्यवृंदांत आयुष्यभर वाजवत राहिले. आजोबांना ती 'शापाय' म्हणते. मला तिने पहिल्याच वाक्यात काका म्हटलं, म्हणून मीही अहो-जाहोच्या भानगडीत पडलो नाही.

"काका, आत चिठ्ठी आहे. शापाय सांगायचे, फ्रेंच आहे, फार मोठ्या माणसाच्या हातचं आहे. दुरुस्त तर कराच, पण आधी ते खरं आहे का बघा. भावाने नेटवर किंमत पाहिलीय."

किंमत पाहिलीय म्हटल्यावर माझं काम दुप्पट झालं.

अवस्था: वरच्या पाट्याला खर्जाच्या बाजूला एक वीतभर तडा. घोडी, म्हणजे तारांखालचा लाकडी पूल, नाही. दोन खुंट्या मूळच्या, दोन कुणीतरी हाताने तासलेल्या. खालच्या बाजूला पाटा आणि कडेची पट्टी यांमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. साउंडपोस्ट, म्हणजे दोन पाट्यांमधली उभी काडी, आत आडवा पडलेला, हलवलं की खुळखुळतो. बाईची मुलगी हिंदुस्थानी व्हायोलिन शिकतेय, तिला वाजवायला हवंय.

४ जून

दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा आणि एलईडीची वायर आत सोडून चिठ्ठी वाचली. पिवळट कागद, बारीक चौकट: 'जाँ बाप्तिस्त व्हुइयोम, पॅरिस, र्‍यू क्रुआ दे पती शाँ'. शेवटी छापलेला १८ आणि पुढे शाईने ६९.

व्हुइयोम! एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच व्हायोलिन म्हटलं की पहिलं नाव त्याचंच. त्याच्या हातचं चांगलं व्हायोलिन आज रुपयांत कोटीच्या पलीकडे जातं. अमेरिकन व्हायोलिनवादक हिलरी हान अनेक वर्षं वाजवतेय ते त्याचंच, १८६०च्या दशकातलं. भावाने हेच पाहिलं असणार.

चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही, हा या धंद्याचा पहिला धडा. स्त्रादिवारी हा इटलीतल्या क्रेमोनाचा, व्हायोलिन करणाऱ्यांतला सगळ्यात मोठा उस्ताद. 'स्त्रादिवारी, क्रेमोना' अशी चिठ्ठी असलेली किमान चाळीस व्हायोलिनं या टेबलावरून गेली आहेत. त्यातलं एकही क्रेमोनाच्या शंभर कोसांत जन्मलेलं नव्हतं. तरी व्हुइयोमचं नाव वाचल्यावर हात जरा सावकाश चालायला लागले, हे वहीत खरं लिहून ठेवतो.

७ जून

दिवसभर पाऊस येतो येतो म्हणत आला नाही. तड्याला हात लावण्याआधी माणूस समजून घ्यावा म्हणून जुनी टिपणं काढून बसलो.

व्हुइयोमचा जन्म ७ ऑक्टोबर १७९८ चा, मिरकूरचा. फ्रान्सच्या पूर्वेला लोरेन प्रांतात, व्होज डोंगरांच्या पायथ्याशी असलेलं हे गाव. तिथे बाया लेस विणायच्या आणि पुरुष व्हायोलिनं करायचे. आपल्याकडे मिरजेला सतारमेकर म्हटलं की घर, आडनाव, गल्ली सगळं एकदम डोळ्यापुढे येतं, तसंच काहीसं. बाप क्लोद-फ्राँस्वा हाही व्हायोलिनच करायचा. पोर भुशात खेळत वाढलं आणि विसाव्या वर्षी, १८१८ मध्ये, पॅरिसला गेलं.

पॅरिसला ज्याच्याकडे तो लागला तो फ्राँस्वा शानो मोठा गमतीदार माणूस. घराणं मिरकूरच्याच वाद्यकारांचं, शिक्षण मात्र नौदलातल्या इंजिनियरचं. त्याने व्हायोलिनचे कोपरे काढून टाकून गिटारसारख्या गोल कमरेचं व्हायोलिन बनवलं. तारांचे कंप कोपऱ्यात अडतात, असा त्याचा सिद्धांत. व्हायोलिन काही बदललं नाही. पण आपल्या नायकाला या नोकरीत एक सवय लागली असावी: आकाराला हात लावण्याआधी त्यामागचं कारण विचारायचं. पुढे फेलिक्स सावार या भौतिकशास्त्रज्ञाशी त्याचं जमलं. सावारने तर सरळ कडांचं, खोक्यासारखं व्हायोलिन करून पाहिलं होतं. व्हुइयोम त्याला प्रयोगासाठी अस्सल स्त्रादिवारी वाद्यं देत असे. सुटे पाटे कसे कंपतात, वरच्या पाट्याचा सूर आणि पाठीचा सूर यांत किती अंतर असतं, हे सावार मोजत बसायचा. एखादं वाद्य उघडलं की मीही पाट्यावर टिचकी मारून कानाला लावतो. ती खोड तिथली.

१८२१ मध्ये तो सिमों लेतेच्या दुकानात आला. लेते मुळात ऑर्गन बनवणारा, पण व्हायोलिनांचाही धंदा करायचा. काही वर्षांत तिथे भागीदारी, आणि १८२८ मध्ये स्वतःचं दुकान, ४६ र्‍यू क्रुआ दे पती शाँ. माझ्या टेबलावरच्या चिठ्ठीतला पत्ता तो हाच.

८ जून

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या लक्षात आलं. सकाळी उठून पडताळलं.

१८५८ मध्ये व्हुइयोमने ते दुकान सोडलं. बाहेरून येणाऱ्या लाकडावर पॅरिसच्या हद्दीत जकात पडायची, ती चुकवायला तो शहराच्या वेशीबाहेर, तेर्न भागात, र्‍यू दमूरवर गेला. (१८६० च्या जानेवारीत तेर्नच शहराच्या हद्दीत घेतलं गेलं! जकात चुकवणाऱ्याचं नशीब पाहा.) तिथून पुढच्या वाद्यांत चिठ्ठीवर पत्ता दमूर-तेर्नचा.

मग १८६९ सालच्या चिठ्ठीवर अकरा वर्षांपूर्वी सोडलेल्या दुकानाचा पत्ता कसा?

जुन्या चिठ्ठ्या उरल्या असतील, असं कुणी म्हणेल. म्हणो. इतका हिशेबी माणूस अकरा वर्षं जुना पत्ता छापून ठेवणार नाही. ज्याने ६९ हा आकडा घातला त्याला तो पत्ता कधी बदलला हे माहीत नव्हतं, एवढंच मला दिसतं. बाईला अजून काही सांगितलेलं नाही. एका चिठ्ठीवरून निकाल द्यायचा नसतो, ना खरेपणाचा ना खोटेपणाचा.

१४ जून

तिचा फोन. "काका, काही कळलं?" म्हटलं, उघडल्याशिवाय सांगत नाही. मग तिनेच विचारलं, "पण एवढा मोठा माणूस होता तर लोक त्याच्या नावाने खोटं का करतील? स्त्रादिवारीचं करावं ना!"

प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर थोडं मजेचं आहे. तिला फोनवर सांगितलं ते इथे उतरवतो.

दुकान सुरू झालं त्या काळात गिऱ्हाइकाला नवं व्हायोलिन नको असायचं. जुनं इटालियन हवं. व्हुइयोमने बाजाराची नाडी ओळखली आणि १८२७ च्या सुमारास जुन्या उस्तादांच्या नकला करायला घेतल्या. नुसता आकार तोच, असं नाही. वार्निश जिथे हनुवटीने, हाताने, वर्षानुवर्षांच्या घामाने झिजतं तिथे झिजवलेलं. कडा गोल केलेल्या. आत स्त्रादिवारीची चिठ्ठी. किंमत ३०० फ्रँक. पॅरिसच्या वादकांना खऱ्या स्त्रादिवारीच्या पासंगालाही न लागणाऱ्या पैशात त्याच्यासारखं दिसणारं, त्याच्या जवळपास बोलणारं वाद्य मिळालं. धंदा असा चालला की १८३९ आणि १८४४ च्या पॅरिस प्रदर्शनांत सुवर्णपदकं, १८५१ ला लंडनच्या महाप्रदर्शनात कौन्सिल पदक, त्याच वर्षी फ्रान्सचा लेजियों द'ऑनर हा सन्मान.

आणि पागानिनीची गोष्ट. १८३३ च्या आसपास पागानिनीने, त्या काळच्या सगळ्यात गाजलेल्या व्हायोलिनवादकाने, आपलं लाडकं व्हायोलिन दुरुस्तीसाठी व्हुइयोमकडे आणलं. क्रेमोनाच्याच ग्वार्नेरी देल जेजू या उस्तादाचं, १७४३ चं. आवाजाच्या दणक्यामुळे तो त्याला 'तोफ' म्हणायचा. व्हुइयोमने दुरुस्तीही केली आणि एक नक्कलही केली. दोन्ही समोर ठेवल्यावर पागानिनी क्षणभर गोंधळला, असं सांगतात. सांगणारे व्हुइयोमचे चाहते आहेत हे लक्षात ठेवून ऐकावं. पण ती नक्कल पागानिनीने आपल्या शिष्याला, कामिल्लो सिव्होरीला दिली, हे खरं; आणि आज जेनोव्हात तोफ आणि तिची नक्कल दोन्ही जपलेली आहेत, हेही खरं.

तर मी तिला म्हटलं, "अगं, जो आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाने इतकं चांगलं करत राहिला, त्याचं स्वतःचंच नाव एवढं मोठं झालं की पुढच्या पिढीत लोक त्याच्या नावाने करायला लागले."

ती हसली. मग म्हणाली, "म्हणजे शापायचं खोटंच."

मी उघडल्याशिवाय सांगत नाही म्हटलं होतं. तोंडातून निसटलं.

२२ जून

उघडायला आजचा दिवस बरा होता. पावसाळ्यात सरस मऊ पडतो, म्हणजे सुटतो लवकर. बोथट, पातळ सुरी. ज्या फटीत पोस्टकार्ड जात होतं तिथून शिरलो, पाण्याचा ओला बोळा सुरीच्या मागोमाग. सरस जुना आणि चांगला असेल तर सुटताना 'टक' असा कोरडा आवाज येतो. तो ऐकून धीर येतो, कारण लाकूड फाटलं तर आवाज वेगळा असतो. खर्जाच्या बाजूने मानेपर्यंत आलो. मानेजवळ मात्र कुणीतरी आधुनिक पांढरा गोंद भरून ठेवलेला. त्याचा सरसासारखा स्वभावच नाही. तो सुटत नाही, तुटतो. तिथे दीड तास गेला. पाट्याची एक कपची, तांदळाच्या दाण्याएवढी, माझ्या हातून निघाली. डबीत ठेवली आहे. चूक माझी, घाई नडली.

२३ जून

आतलं पाहिलं. निकाल लागला.

एक. नंबर नाही. व्हुइयोमच्या कारखान्यातून तीन हजारांहून जास्त वाद्यं बाहेर पडली आणि त्यांना क्रमांक दिलेले असत. आत हाताने लिहिलेला नंबर, वरच्या बाजूला त्याची सही आणि सालाचे शेवटचे दोन आकडे. इथे आत धूळ, कुणाच्या तरी पानाच्या डब्यातली सुपारी (खरंच, सुपारीचं खांड!) आणि ती चिठ्ठी, एवढंच.

दोन. कोपऱ्यात ठोकळे नाहीत. व्हायोलिनचे चारही टोकदार कोपरे आतून लाकडाच्या छोट्या ठोकळ्यांनी भरलेले असतात, त्यावर कडेच्या पट्ट्या टेकतात. मिरकूरला आणि व्हुइयोमकडे बाहेरच्या साच्यात काम चालायचं: पट्ट्या साच्याच्या आतल्या कडेला लावून आत ठोकळे बसवायचे. इथे दोन पट्ट्या कोपऱ्यात नुसत्या एकमेकींना चिकटवून सोडल्या आहेत.

तीन, आणि ही सगळ्यात बोलकी खूण. बेसबार वेगळा बसवलेलाच नाही. बेसबार म्हणजे वरच्या पाट्याच्या आत, खर्जाच्या तारेखालून जाणारी लांब पट्टी. घोडीचा एक पाय तिच्यावर येतो. चांगला कारागीर ती स्प्रूसच्या (देवदारासारखं हलकं लाकूड) वेगळ्या तुकड्याची करून सरसाने बसवतो. इथे पाटा आतून कोरतानाच मध्ये एक उंचवटा ठेवून दिलाय. त्याच लाकडाचा, वाकडातिकडा, गोल धारेच्या छिन्नीचे ठसे तसेच. हात लावला की करवंटीसारखं लागतं.

या तीन खुणा एकत्र आल्या की व्यापारी माल, सॅक्सनी-बोहेमियाच्या सीमेवरच्या गावांचा: मार्कनोयकिर्शेन, शोनबाख. तिथे घराघरांत एक जण फक्त माना कोरायचा, एक फक्त पाटे, एक फक्त वार्निश. व्यापारी ते जोडून, हवी ती चिठ्ठी डकवून, कॅटलॉगातून जगभर पाठवायचे. स्त्रादिवारी, आमाती, श्टाइनर, व्हुइयोम. जे नाव त्या वर्षी खपेल ते. फ्रेंच नव्हेच हे व्हायोलिन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं असावं.

वार्निशही मग वेगळ्या नजरेने पाहिलं. पाठीवर मध्ये एक झिजल्याचा डाग आहे, फिकट, कडा मऊ केलेल्या. पण पाठीच्या मध्यावर वाजवताना कुणाचा हात जात नाही! तो डाग कारखान्यात रंगवलेला. व्हुइयोमच्या युक्तीची ही स्वस्तातली चौथी-पाचवी नक्कल. आणि त्याच व्हायोलिनवर, मानेच्या उजव्या बाजूच्या खांद्यावर, जिथे वरच्या सप्तकात जाताना डाव्या हाताचा तळवा घासतो, तिथे वार्निश पार गेलंय, लाकूड काळपट, गुळगुळीत झालंय. अंगठा फिरवला तर तिथे किंचित खळगा लागतो. तो डाग मात्र शापायचा.

२५ जून

तिला बोलावून उघडं व्हायोलिन दाखवलं. खोटं म्हणालो नाही, 'व्हुइयोमचं नाही' म्हणालो. ती चिठ्ठीकडे बघत राहिली. "शापायला माहीत होतं का हो?"

म्हटलं, तीस-चाळीस वर्षं स्टुडिओत वाजवणाऱ्याला कदाचित कळलं असेलही. पण त्याने ते दुसऱ्याला विकलं नाही. खांद्यावरची ती खळगी दाखवली. तिने बराच वेळ बोट फिरवलं.

दुरुस्ती करायची का, खर्च वाद्याच्या किमतीच्या वर जाईल, हे स्पष्ट सांगितलं. "करा," म्हणाली. भावाला तीच सांगणार आहे. बरं झालं.

२ जुलै

सरस धरत नाहीये. हवेत पाणीच पाणी. क्लॅम्प लावून आठ तास झाले तरी कडेला बोट चिकटतं. दिवा, पंखा, बंद खोली. आज काही लिहिण्यासारखं नाही.

९ जुलै

तडा बसला. आतून स्प्रूसच्या चार बारीक चकत्या आडव्या लावल्या. रविवार, पाऊस, वीज गेलेली. मेणबत्तीच्या उजेडात सुरी धरायची नाही, म्हणून बसून तारिसियोचं प्रकरण लिहितो. व्हुइयोमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं साल ते, १८५५.

लुइजी तारिसियो हा इटलीतला व्हायोलिनांचा वेडा व्यापारी. खेड्यापाड्यांतून, मठांतून, सरदारांच्या अडगळीतून जुनी वाद्यं हुडकायची आणि पॅरिसला आणून विकायची. मात्र एक व्हायोलिन तो नुसतं वर्णन करायचा, कधी आणायचा नाही: स्त्रादिवारीचं १७१६ चं, जणू कालच केलेलं, कुणी न वाजवलेलं. एकदा त्याने स्तुती चालवली असता व्हुइयोमचा जावई, वादक देल्फँ आलार, वैतागून म्हणाला, अशी आख्यायिका आहे: तुमचं हे व्हायोलिन म्हणजे मसिहा आहे, सगळे वाट बघतात आणि तो काही येत नाही. नाव चिकटलं. मसिहा.

तारिसियो १८५४ मध्ये मिलानमध्ये मेला. बातमी कळताच व्हुइयोम भर हिवाळ्यात इटलीला निघाला आणि नातेवाइकांकडून सगळा साठा घेतला: १४४ वाद्यं, त्यांतली दोन डझन स्त्रादिवारी. ८०,००० फ्रँकच्या आसपास. मसिहा त्यातच होता. पुढची वीस वर्षं, १८७५ मध्ये मरेपर्यंत, त्याने तो विकला नाही. काचेच्या पेटीत ठेवला. १८७२ ला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला प्रदर्शनापुरता दिला. बापानंतर तो मुलींकडे आला, त्यांच्याकडून आलारने घेतला, १८९० मध्ये एडिंबराच्या एका संग्राहकाला २,००० पौंडांना गेला, आणि शेवटी लंडनच्या हिल घराण्याने तो ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयाला दिला. आजही तिथेच आहे.

आता यातली खरी मेख. इतकं कोरं, इतकं नवं वाद्य, आणि ते वीस वर्षं कुणाच्या ताब्यात? युरोपातल्या सर्वांत तरबेज नकलाकाराच्या! १९९० च्या दशकाच्या शेवटी उघड वाद झाला की मसिहा व्हुइयोमनेच बनवला असेल. मग पाट्यावरच्या स्प्रूसच्या वलयांचे फोटो काढून, मोजून, झाड कधीचं ते ठरवलं गेलं. शेवटचं वलय १६८० च्या दशकातलं निघालं. म्हणजे काळाचा हिशेब स्त्रादिवारीशी जुळतो, आणि जाणकारांपैकी बहुतेक जण तो अस्सलच मानतात. पण वलयावरून झाडाचं वय कळतं, सुतार कळत नाही. म्हणून कुजबूज पूर्ण थांबत नाही. नक्कल चांगली करणाऱ्याला हा भुर्दंड पडतोच: त्याच्या घरात राहिलेल्या खऱ्या वस्तूलाही लोक संशयाने बघतात.

वीज आली. झोपतो.

१६ जुलै

बेसबार. कोरलेला उंचवटा तासून काढला आणि नवीन बार केला. २७० मिलिमीटर लांब, साडेपाच रुंद, मध्ये साडेअकरा उंच. आतल्या गोलाईवर खडू घासायचा, बार ठेवून हलवायचा, जिथे खडू लागतो तेवढंच खरवडायचं. पुन्हा खडू. पुन्हा खरवड. बाराव्या-तेराव्या खेपेला बार अंगचाच असल्यासारखा बसतो आणि मध्ये प्रकाशाची रेघ दिसत नाही. मला एकोणीस खेपा लागल्या. चष्म्याचा नंबर वाढलाय.

जुन्या वाद्याचं पोट बदलतोय याचा अपराध वाटू नये म्हणून एक गोष्ट आठवून ठेवली: व्हुइयोमने मसिहाचा बारही बदलला, मानही लांब केली. त्या शतकात जवळजवळ प्रत्येक स्त्रादिवारीचं हे झालं. सभागृहं मोठी झाली, सूर चढे झाले, तारांचा ताण वाढला. जुना बारीक बार पुरेना. आपण ज्याला स्त्रादिवारीचा आवाज म्हणतो त्यात पॅरिसच्या सुतारांचा बराच हात आहे. शिवाय व्हुइयोमने मसिहाला तारा अडकवायची नवी पट्टी बसवली, त्यावर येशूजन्माचा देखावा कोरून! एवढी हौस मला परवडणारी नाही.

पाटा मधोमध साडेपाच मिलिमीटर आहे, असायला हवा तीनच्या आसपास. पातळ करण्याचा मोह झाला. केला नाही. ज्या आवाजाने त्या म्हाताऱ्याचं घर चाललं तो तेवढा तरी ठेवावा.

२३ जुलै

पेटीतला गज काढला. गजाचे केस तुटलेले, काडी वाकडी, शिक्का नाही. फेकण्यातला.

गजांच्या बाबतीत व्हुइयोमचं दुकान म्हणजे टाकसाळ होती. पेर्सुआ, दोमिनिक पेकात, पिएर सिमों, आणि शेवटच्या काळात व्वारँ. फ्रेंच गजांच्या इतिहासातली ही पहिल्या ओळीतली नावं, आणि सगळे कधी ना कधी व्हुइयोमच्या बाकावर बसलेले. गजावर शिक्का मात्र एकच: व्हुइयोम, पॅरिस. काडी पाहून हा पेकात, तो सिमों, हे ओळखणं आज एक वेगळी विद्या झालीय. म्हणजे अस्सल व्हुइयोमच्या नावाखालीही हात दुसऱ्याचाच. व्हायोलिनांचंही तेच: बाकांवर मिरकूरची पोरं, शिवाय खुद्द मिरकूरला त्याचा भाऊ निकोला 'सेंट सेसील' नावाने स्वस्त व्हायोलिनं करून द्यायचा. बाईच्या भावाने हेही वाचून काढलं आणि निरोप पाठवला, 'सेंट सेसील तरी आहे का?' नाही बाबा. तेही नाही.

त्याचे स्वतःचे शोध विचित्रच. आतून पोकळ असलेला पोलादी गज. वादकाने स्वतःच केस बदलावेत असा गज. आणि गजाच्या मुठीत खसखशीएवढं भिंग, डोळा लावला की आत व्हुइयोमचा फोटो दिसतो! जाहिरात कशी करावी हे त्याच्याकडून शिकावं.

पण माझा लाडका ऑक्टोबास. १८४९-५० च्या सुमाराचं काम. साडेतीन मीटरच्या जवळ उंच, तीन तारा, एवढा अजस्र की मानेवर बोटं पोहोचत नाहीत. वादक चौथऱ्यावर उभा राहून हाताने तरफा आणि पायाने पेडल दाबतो, तेव्हा वर लोखंडी बोटं तारेवर बसतात. संगीतकार बेर्लिओझने त्याची स्तुती केली. फार वाजला नाही. पण पॅरिसच्या संगीत संग्रहालयात तो उभा आहे, आणि मला त्याचा फोटो बघून दर वेळी गणपतीच्या मांडवातला हलता देखावा आठवतो: मागे कुणीतरी दोऱ्या ओढतंय.

५ ऑगस्ट

बंद करण्याआधीचा शेवटचा प्रश्न, चिठ्ठीचं काय करायचं.

माझ्या ओळखीतले काही जण अशा चिठ्ठ्या काढून टाकतात. उद्या कुणी फसवू नये म्हणून. तर्क बरोबर आहे. पण ज्याने स्वतःच्या व्हायोलिनांत स्त्रादिवारीच्या चिठ्ठ्या लावल्या त्याच्या नावाची खोटी चिठ्ठी मी नीतीच्या कारणाने खरवडायची, हे मला जरा हास्यास्पद वाटलं. आणि ती चिठ्ठी गेली शंभरेक वर्षं या वाद्यात आहे. शापायने तिच्याकडे बघूनच ते विकत घेतलं असणार. ठेवली. खाली, पाठीच्या आतल्या लाकडावर, पेन्सिलीने लिहिलं: 'उघडलं, तडा जोडला, नवा बेसबार. ठाणे, २०२३. सॅक्सन व्यापारी काम, चिठ्ठी व्यापाऱ्याने डकवलेली.' पुढे उघडणाऱ्याला दोन्ही वाचायला मिळतील.

तांदळाच्या दाण्याएवढी कपची डबीतून काढून जागेवर चिकटवली. शोधलीत तरच दिसेल.

सरसाने बंद केलं. आज हवा कोरडी. दोन तासांत धरलं.

१३ ऑगस्ट

साउंडपोस्ट. पेन्सिलीएवढी स्प्रूसची काडी, दोन पाट्यांच्या मध्ये नुसत्या दाबावर उभी. चिकटवायची नाही. फ्रेंच तिला 'आम' म्हणतात, आत्मा. वाकड्या सळईला टोचून एफच्या आकाराच्या छिद्रातून आत न्यायची, आरशात बघत उभी करायची, मग अर्धा मिलिमीटर इकडे, पाव तिकडे. चार वेळा पडली. पाचव्यांदा उभी राहिली.

नवी घोडी कापली. खुंट्या आबनूसच्या. तारा चढवल्या. आधी पाश्चात्त्य पद्धतीने लावून पाहिलं, शापाय लावत असतील तसं: खालून सा, त्यावर पंचम, त्याचा पंचम, त्याचा पंचम. खर्ज अजून बंद आहे, खोकल्यासारखा. वरच्या दोन तारा मात्र उघड्या, थोड्या कर्कश, लांबवर जाणाऱ्या. स्टुडिओत माइकपुढे पन्नास जणांत बसून वाजवायला हाच आवाज बरा.

२० ऑगस्ट

आई-मुलगी दोघी आल्या. मुलगी तेरा-चौदा वर्षांची. पायावर पाय घेऊन खाली बसली, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवलं आणि काही न विचारता चारही तारा खाली उतरवायला लागली. सा-प-सा-प, काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) जवळ. घोडीने कुरकुर केली, मी श्वास धरला. मग यमनचा आरोह, सावकाश. खर्ज उतरल्यावर खोकला गेला. हे मला अपेक्षित नव्हतं. तारेचा ताण कमी झाला म्हणून जाड पाटा मोकळा झाला असेल.

मध्येच ती थांबली आणि आईला विचारलं, "हे इथे खड्डा का आहे?" खांद्याजवळचा. आईने कोकणीत काहीतरी उत्तर दिलं. मी विचारलं नाही.

बिल: तारा, घोडी, खुंट्या, जुजबी मजुरी. नवा गज तिने दुसरीकडून घ्यावा, ठाण्यात चांगला मिळत नाही.

२४ ऑगस्ट

फोन. तिसरी खुंटी सरकते. खडू आणि कोरडा साबण लावायला सांगितलं.